खाचराचे मैदान

ज्या भूमीवर आपण उभे असतो तिच्याविषयी मनुष्यास जितके अज्ञान असते, तितके क्वचितच दुसऱ्या कशाविषयी असेल. ग्रहांची नावे आम्हांस बालपणीच पाठ होती. हिमालयाची उंची आणि पृथ्वीचा परीघ यांवर आम्ही शाळेत बक्षिसे मिळविली होती. परंतु आमच्या स्वतःच्या भाताच्या खाचरात एक हात खोल काय आहे, हे पन्नाशी उलटेपर्यंत आम्हांस ठाऊक नव्हते, आणि ते ठाऊक करून घेतले पाहिजे असेही कधी वाटले नव्हते. गेल्या दोन वर्षांत ते ज्ञान आम्हांस प्राप्त झाले. त्याची किंमत बरीच पडली. ती सगळीच काही पैशांत पडली असती तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते.

मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या महामार्गावर नागोठणे मागे टाकून सुकेळीची खिंड उतरले, की रोहे तालुक्यातील खांब हे गाव लागते. गावाचे नाव ऐकून प्रह्लादाची गोष्ट आठवणारे लोक भेटतात. पण येथील चमत्कार खांबात नसून पाण्यात आहे. भिऱ्याच्या वीजगृहातून सुटलेले पाणी कुंडलिकेत येते, डोलवहाळ येथे ते बंधाऱ्याने अडविले जाते आणि तेथून कालव्यांनी रोहे व माणगाव तालुक्यांतील शेतांवर खेळविले जाते. त्यामुळे या भागात पावसाळी भात निघाल्यावर उन्हाळी भातही उभे राहिलेले पुष्कळांनी पाहिले असेल. अशा मुलखात आमच्या वाडवडिलांनी ठेवलेले वीस गुंठ्यांचे एक खाचर रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. आमच्या वडिलांच्या काळापासून ते गावातील एक शेजारी वाट्याने करीत आले. सारा गाव त्यांस ‘बाबा’ म्हणतो, म्हणून आम्हीही बाबाच म्हणतो. दरवर्षी दिवाळीनंतर आमच्या वाट्याचे भात शहरात येई, आणि आमचा व शेतीचा संबंध त्या पोत्याचे तोंड सोडण्यापुरता उरलेला होता.

आमच्या पुतण्याने त्या खाचराचे मैदान करावयाचे मनात घेतले. गावातील मुलांना खेळावयास जागा अशी नाही. भात कापले म्हणजे मोकळ्या खाचरात धसकटे तुडवीत ती क्रिकेट खेळतात. कालव्याचे पाणी आले की तेवढेही मैदान बुडते, आणि पावसाळ्याचे चार महिने तर बॅट माळ्यावर पडून राहते. पुतण्याचे म्हणणे असे, की सभोवार जाळी, वर दिवे आणि खाली कृत्रिम हिरवळ अशी शंभर फूट लांब व साठ फूट रुंद जागा केली, तर कोलाड, रोहे, नागोठणे येथील तरुण मंडळी तासाचे पैसे मोजून रात्री खेळावयास येतील, आणि दुपारची वेळ गावच्या मुलांना फुकट देता येईल. ‘काका, टर्फ म्हणजे फक्त चटई नव्हे, हा बारमाही धंदा आहे,’ असे तो म्हणाला. बारमाही हा शब्द त्याने कोकणात उच्चारला, आणि आम्हीही तो ऐकून घेतला!

इंग्रजी विद्येची दीक्षा घेतलेल्या मनुष्यास कोणत्याही वस्तूचा इतिहास कळला, की ती वस्तूच कळली असे वाटू लागते. आम्ही लगेच या चटईचा इतिहास वाचून काढला. अमेरिकेत ह्यूस्टन शहरी १९६५ साली पारदर्शक छताखाली एक प्रचंड क्रीडागृह उघडले आणि आत खरे गवत लावले. छतातून येणाऱ्या चकाकीने खेळाडूंना उंच उडालेला चेंडू दिसेना. म्हणून छत रंगविले. चेंडू दिसू लागला, पण उजेडावाचून गवत मेले. १९६६ साली तेथे नायलॉनची हिरवळ अंथरण्यात आली, आणि त्या इमारतीच्या नावावरून तिला ‘अ‍ॅस्ट्रोटर्फ’ हे नाव मिळाले. पुढे दहा वर्षांत तिने आमच्याही देशास दणका दिला. १९७५ साली क्वालालंपूर येथे गवतावर विश्वचषक जिंकणारा भारतीय हॉकी संघ १९७६ साली माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये कृत्रिम पृष्ठावर उतरला आणि सातवा आला. पायाखालची भूमी बदलली म्हणजे हातातील कौशल्यही पारखे होऊ शकते, हे महाराष्ट्रास त्यापूर्वीच कळावयास हवे होते. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गेले ते तांबड्या मातीत घडलेले मल्ल होते. तेथील गादीशी त्यांची ओळख नव्हती, आणि त्यांचा सहावा क्रमांक आला. चार वर्षांनी हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळविले. आजही महाराष्ट्र केसरीच्या आखाड्यात माती आणि गादी असे दोन विभाग असतात, आणि शेवटची झुंज त्या दोहोंच्या विजेत्यांत होते.

हे सर्व आम्ही पुतण्यास मोठ्या आवेशाने सांगितले. या माहितीपैकी एक अक्षरही खाचरात काय करावयाचे यासंबंधी नव्हते, हे त्या वेळी आमच्या लक्षात आले नाही. तालमीतील माती तयार करताना तीत तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती दिवसेंदिवस मळतात. शेतात खळे करावयाचे तर जमीन भिजवून, चोपून, शेणाने सारवून घेतात. आपल्या लोकांनी कोणतेही काम करण्यापूर्वी भुईची एवढी मनधरणी केलेली असताना, चटई अंथरण्यापूर्वी भुईस काही विचारावयाचे असते, हे आमच्या बुद्धीत शिरले नाही.

बाबांना सांगण्याचे काम आमच्याकडे आले. दिवाळीत आम्ही त्यांच्या ओटीवर बसून पुष्कळ आडवळणे घेत मूळ मुद्द्यावर आलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि ‘जमीन तुमची हाय, मास्तर,’ एवढेच म्हटले. आम्हांस हायसे वाटले. त्यांच्या घरात त्या खाचराचे अर्धे भात जात होते, ते आता जाणार नाही, याचा उच्चार त्यांनी केला नाही. आणि त्यांनी केला नाही म्हणून आम्हीही केला नाही. हा आमचा हलकेपणा होता.

अकृषिक वापराचे सोपस्कार उरकले आणि एप्रिलमध्ये एक ठेकेदार आला. जमीन त्या वेळी दगडासारखी कठीण होती. तीवर टाच आपटून तो म्हणाला, ‘याच्यावर हत्ती नाचवा.’ खोदण्याचा खर्च वाचतो आहे हे ऐकून आम्हांसही आनंद झाला. पुतण्या थोडा साशंक होता, त्याला आम्हीच गप्प केले. ढेकळे सारखी करून तीन इंच मुरूम पसरला, त्यावरून कोरडाच रोलर फिरविला, चोहोंकडे जाळीच्या खांबांसाठी सिमेंटची वीतभर उंच कड बांधली, आणि वर हिरवळीच्या पट्ट्या जोडून त्यांत वाळू भरली. मे महिन्यात दिवे लागले. आम्ही सहकुटुंब गेलो, नारळ फोडला आणि पहिला चेंडू टोलविला. हिरव्यागार पृष्ठावर उभे राहून चोहोंकडच्या तपकिरी खाचरांकडे पाहताना आम्हांस आपण काही सुधारणा घडवून आणली असे वाटले, हे कबूल केले पाहिजे.

जून निम्मा सरला आणि पाऊस धरला. या भागात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांच्या घरात पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यांत. एका दिवसात १०० मिलिमीटर पडला तर एवढ्याशा मैदानावर ५५,००० लिटर पाणी येते. ते जावे कोठे? खाली चिकण माती, ती पाणी पिऊन फुगलेली, आणि चोहोंबाजूंनी आम्ही स्वतः बांधलेली सिमेंटची कड. मुरुमातील बारीक लाल माती भिजून तिचे पिठले झाले, आणि मुलांचे पाय पडतील तसे ते चटईच्या छिद्रांतून वर येऊ लागले. जुलैच्या अखेरीस हिरवळीवर घोटाभर तांबडे पाणी उभे राहिले. शेजारच्या खाचरांत लावणी झालेली होती. आमच्या खाचरात तेवढी लावणी व्हावयाची राहिली होती! पुढे पाऊस ओसरला, आणि मार्गशीर्षात जमीन वाळू लागली तशी खालची माती आक्रसून तिला दोन दोन बोटे रुंद भेगा पडल्या. ठिकठिकाणी चटईस झोल पडले, जोड उसवले. एका संध्याकाळी धावणाऱ्या मुलाचा पाय अशा उसवलेल्या जोडात अडकला, तो तोंडघशी पडला आणि त्याचे मनगट मोडले. तो मुलगा बाबांचा नातू होता.

आम्ही दुसऱ्याच दिवशी खांबला गेलो. मुलाच्या हातास प्लॅस्टर होते आणि तो उजव्या हाताचे लिहिणे महिनाभर चुकले म्हणून प्रसन्न होता. बाबांनी आम्हांस एक शब्द लावला नाही. चहा आला. तो पिऊन झाल्यावर, बोलण्यास दुसरे काही न सुचल्याने, आम्ही त्यांना विचारले, ‘बाबा, आमचं चुकलं कुठं?’ ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘मास्तर, ते खाचर पानी धराया केलंय. तुम्ही त्याला पानी सोडाया सांगता. ते कसं ऐकंल?’

या एका वाक्यात जे होते ते समजावयास आम्हांस आणखी एका मनुष्याची मदत घ्यावी लागली. आमचा एक जुना विद्यार्थी हल्ली रस्त्यांच्या कामावर अभियंता आहे. कॉलेजात असताना त्याने आमच्या तासास फारशी हजेरी लावली नव्हती. तथापि आता तो आमच्या घरी येऊन जेवणाच्या टेबलावर आम्हांस मातीचा धडा देऊ लागला. खाचरातून आणलेले ढेकूळ त्याने भिजवून मळले आणि काचेवर तळहाताने त्याची दोरी वळली. दोरी सुतळीहून बारीक झाली तरी तुटेना. मातीच्या अंगच्या या लवचिकपणाची मोजणी अ‍ॅटरबर्ग नावाच्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १९११ साली घालून दिली, आणि तीन मिलिमीटर जाडीची दोरी कोणत्या ओलीस तडकते हे पाहूनच अजून तिची परीक्षा होते. चिकण मातीचा कण एवढा सूक्ष्म, की एका मिलिमीटराचे पाचशे भाग केले तर त्यांतील एका भागातही तो मावून उरावा; त्याचा आकार पत्र्यासारखा चपटा, आणि दोन पत्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते, निघाले की आक्रसते. ‘पेणला गणपती करतात ते याच गुणामुळे,’ तो म्हणाला. आम्ही म्हटले, पेणची शाडू तर गुजरातेतून येते. ‘माती कुठलीही असो, सर,’ तो म्हणाला, ‘जिची सोंड वळते तिच्यावर मैदान उभं राहत नाही.’ आमच्या सौभाग्यवतींनी टेबल पुसावे लागले म्हणून या शास्त्राविषयी आपले प्रतिकूल मत दिले.

मग त्याने बाबांच्या वाक्याचा अर्थ सांगितला. लावणीपूर्वी शेतकरी पाण्याने भरलेल्या खाचरात नांगर फिरवून चिखलणी करतो. त्या चिखलणीने मातीच्या कणांची नैसर्गिक रवाळ रचना मोडते. सूक्ष्म कण सुटे होतात आणि खाली बसून छिद्रे बुजवितात. बैलांच्या खुरांनी आणि नांगराच्या तळाने वीतभर खोलीवर एक कठीण, आवळलेला थर तयार होतो. एका वर्षात तो होत नाही. पिढ्यानुपिढ्या तो घट्ट होत जातो. त्या थरामुळेच खाचरात पाणी उभे राहते, आणि पाणी उभे राहते म्हणून भात पिकते. म्हणजे ज्याला आम्ही उघडी, रिकामी जमीन समजत होतो ती एक बांधलेली वस्तू होती. तिचा तळ बाबांनी, त्यांच्या वडिलांनी आणि बहुधा त्यांच्याही वडिलांनी पायाने बांधलेला होता. आम्ही तिचा दस्तऐवज कपाटात ठेवून तिचे मालक झालो होतो.

आता मार्ग दोन होते. चटई उचलून खाचर पुन्हा बाबांच्या स्वाधीन करावे, हा एक. पुतण्याने कर्ज काढलेले होते, आणि मुलांनाही एकदा दिव्याखाली खेळावयाची सवय लागलेली होती. आम्ही बाबांना दोन्ही मार्ग सांगितले आणि या खेपेस उत्तरासाठी थांबलो. ते म्हणाले, ‘पोरं खेळू दे. पन येक करा, वरली माती मला द्या.’ त्यांची स्वतःची थोडी वरकस जमीन डोंगराच्या पायथ्याशी आहे. तीत नाचणी वऱ्यापलीकडे काही येत नाही, कारण मातीचा थरच पातळ. आम्ही होकार दिला. वाट्याच्या भाताची भरपाई म्हणून काही वार्षिक रक्कम ठरवावयाचे आम्ही काढले, तेव्हा त्यांनी तीही नाकारली नाही. नाकारली असती तर आम्हांस मोठेपणा मिळाला असता. त्यांनी घेतली, हेच योग्य झाले.

जानेवारीत खोदाई सुरू झाली. शंभर फूट बाय साठ फूट जागा एक फूट खोल खणावयाची, म्हणजे सहा हजार घनफूट, अर्थात साठ ब्रास माती. आम्ही आठवड्याची रजा काढून बांधावर खुर्ची टाकून बसलो होतो. जेसीबीच्या दातांनी प्रथम वरची तपकिरी माती निघाली, तीत भाताच्या मुळांचे जाळे होते. मग वीतभर खाली दात घासल्यासारखा आवाज आला, आणि निळसर करड्या रंगाचे चकचकीत तक्ते उलटून वर येऊ लागले. त्यांना तळ्यातल्या गाळासारखा वास होता. जेथे वर्षानुवर्षे पाणी उभे राहून हवा पोचत नाही, तेथे मातीतील लोहाचा तांबूस रंग जाऊन हा रंग येतो, असे आमच्या अभियंत्याने सांगितले. बाबा पुढे झाले, त्यांनी एक तक्ता उचलला आणि त्यावर अंगठा फिरविला. त्यावर नांगराच्या तळाची पुसट घासण दिसत होती. ‘ही आमची चिखलनी,’ ते म्हणाले, आणि तो तुकडा ढिगावर ठेवून ट्रॅक्टरच्या मागे चालू लागले. आम्ही तीस वर्षे कॉलेजात शोकांतिका शिकवितो. त्या दिवशी मात्र तीवर भाष्य करण्याजोगे आमच्याजवळ काही नव्हते.

वरची माती ट्रॉलीमागून ट्रॉली भरून बाबांच्या माळावर गेली, आणि खालची निळी माती तेथील बांधांच्या भरावास गेली. इकडे उघड्या पडलेल्या तळास आकार देण्याचे काम चालले. मध्यभाग उंच आणि दोन्ही अंगांना शंभरास एक असा उतार, म्हणजे तीस फुटांत जेमतेम साडेतीन इंच. डोळ्यास तो दिसत नाही, पाण्यास दिसतो. एके ठिकाणी तळ दलदलीचा निघाला. तेथे मातीत चुना मिसळला. चुन्याने चिकण मातीचे कण एकमेकांस धरून रवाळ होतात आणि तिचा फुगण्याचा स्वभाव पुष्कळ कमी होतो. पहिल्या ठेकेदाराने चुना आम्हांस लावला होता. या खेपेस तो जमिनीस लागला, हा फरक.

मग रोलर आला. पण अभियंत्याने तो दोन दिवस उभा करून ठेविला. माती फार ओली असली तर दाबाखाली रबरासारखी हलते, आणि फार कोरडी असली तर तिची ढेकळे एकमेकांत बसत नाहीत. मधल्या एका विवक्षित ओलीसच ती पुरती दबते. अमेरिकेत धरणांच्या कामावर असलेल्या प्रॉक्टर नावाच्या अभियंत्याने १९३३ साली हा नियम प्रसिद्ध केला. आमचा विद्यार्थी मुठीत माती दाबून तो नियम आम्हांस समजावीत होता, तेव्हा बाबा शेजारी उभे होते. ‘म्हंजे वापसा,’ ते म्हणाले. विद्यार्थी क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘हो बाबा, जवळजवळ तेच.’ नांगराचा वापसा आणि रोलरचा वापसा अगदी एक नव्हे. पण ‘आज नको, परवा’ हे माती आपण होऊन सांगते, आणि ते ऐकून घ्यावे लागते, ही गोष्ट दोघांनाही सारखीच ठाऊक होती.

दबलेल्या तळावर जिओटेक्स्टाइल नावाचे जाड कापड अंथरले. ते पाण्यास वाट देते, पण खालची चिकण माती वर चढून खडीत मिसळू देत नाही, आणि खडीसही मातीत रुतू देत नाही. त्यावर सहा इंच मोठी खडी, तीवर चार इंच लहान खडी आणि शेवटी दोन इंच कच, असे थरावर थर, प्रत्येक थर वेगळा दाबून. मुरुमास यात कोठेही स्थान नव्हते; ज्या दगडात माती आहे तो दगड नव्हे, असे अभियंत्याचे सूत्र. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रस्तेबांधणीत क्रांती करणाऱ्या मॅकॅडमने हेच सांगितले होते, की भार वाहते ती अखेर मूळची भूमीच. दगडाचा थर हे केवळ तिचे छप्पर. ती कोरडी ठेवा, म्हणजे ती कोणताही भार सोशील. आम्ही हा विचार कोणत्या तरी इंग्रजी निबंधात वाचला होता, आणि त्याचा उपयोग व्याख्यानात एक उपमा म्हणून केला होता.

परंतु चिकण मातीत खणलेला खड्डा खडीने भरला, तरी तो खड्डाच राहतो. त्यास तोंड नसेल तर पावसाळ्यात तो हौद होतो. म्हणून चोहोंबाजूंनी चर खणून त्यांत छिद्रांचे पाइप घातले. ते सर्व एकत्र आणून पाणी बाहेर कोठे सोडावयाचे, यावर मोठा खल झाला. पाणसळीने पाहता रस्त्याकडचा कोपरा सर्वांत सखल निघाला, आणि रस्त्याची गटारही जवळच होती. सर्वांचे एकमत झाले. बाबांनी मान हलविली. आषाढात ती गटार तुंबते आणि तिचे पाणी उलटे खाचरांत शिरते, हे त्यांनी साठ पावसाळे पाहिले होते. यंत्राने जानेवारीतला एकच दिवस पाहिला होता. पूर्वी या खाचराचे पाणी पश्चिमेच्या बांधाखालून ओढ्याकडे जात असे. ते तोंड आमच्या वडिलांच्या हयातीतच गाळाने बुजले होते. बाबांनी काठी टेकून दाखविलेल्या जागी खणले तेव्हा दगडांनी बांधलेली एक लहानशी मोरी सापडली. पाइप तिकडे वळविला. शे-दीडशे फूट चर जास्त खणावा लागला. त्याचे बिल आम्ही आमच्याकडे घेतले. ते फेडणे आमच्याच वाट्याचे होते.

या वर्षीच्या जुलैत, तीन दिवस अखंड पाऊस कोसळत असता, आम्ही मुद्दाम खांबला गेलो. मैदानावर पाण्याचा पातळ पापुद्रा पडत होता आणि पडता पडता नाहीसा होत होता. छत्री घेऊन आम्ही पश्चिमेच्या बांधावर गेलो. पाइपाच्या तोंडातून मनगटाएवढी स्वच्छ धार ओढ्यात पडत होती. पाच-सहा मुले चिंब भिजून खेळत होती. त्यांत प्लॅस्टर सुटलेला तो नातूही होता. तो डावखुरी गोलंदाजी शिकला आहे, आणि त्याचे श्रेय आमच्या पहिल्या ठेकेदारास देतो.

तथापि आमच्या मनातील सर्व शंका त्या धारेबरोबर वाहून गेल्या असे आम्ही म्हणणार नाही. ही हिरवळ एप्रिलच्या दुपारी खऱ्या गवताहून कितीतरी अधिक तापते. मुले फुकटच्या वेळी येतात आणि पाय भाजतात म्हणून परत जातात. सुमारे आठ-दहा वर्षांनी चटई झिजेल, आणि तो प्लॅस्टिकचा ढीग कोठे न्यावयाचा याचे उत्तर आज तरी पुतण्याजवळ नाही. अशा चटईत जुन्या टायरांच्या रबराचे कण भरण्याची चाल आहे; ते कण पाण्याबरोबर वाहून जातात म्हणून युरोपीय संघाने २०२३ साली त्यांच्या विक्रीवर बंदी ठरविली आणि ती अमलात येण्यास आठ वर्षांची मुदत दिली. आमच्या पाइपाचे तोंड ओढ्यात आहे, आणि ओढ्याखाली दुसऱ्यांची भाते आहेत. सबब आम्ही रबर घालू दिले नाही, केवळ वाळू भरली. चेंडू थोडा कमी उसळतो अशी गिऱ्हाइकांची तक्रार आहे. तंतूंचे तुकडे मात्र त्यातूनही जात असतील, त्यास आमचा इलाज नाही. शिवाय रात्रीच्या दिव्यांवर खाचरांतील किडे झुंडीने येतात, आणि शेजारच्यांची झोप मोडते. म्हणून साडेदहाला दिवे मालवावयाचा नियम केला आहे.

आणि साडेपाच गुंठे भाताची जमीन कायमची गेली. उरलेल्या साडेचौदांपैकी काही गाड्या उभ्या करण्यास लागली, आणि बाकीची बाबा अजून लावतात. चटई काढता येईल, खडी उपसता येईल, पण तो निळा थर पुन्हा घालण्यास जेसीबीचा उपयोग नाही. त्यास बैल, चिखल आणि तीन पिढ्या लागतात, आणि बैल तर आता गावात फारसे उरलेले नाहीत. ज्या गोष्टीस तीन पिढ्या लागल्या ती आम्ही चार दिवसांत उपसली, तीही तिचे नाव ठाऊक नसताना. हा हिशेब आमच्या नावावर राहील.

परत निघण्यापूर्वी बाबांनी आम्हांस त्यांच्या माळावर नेले. आमची चिंब झालेली वस्त्रे पाहून त्यांनी आपली घोंगडी आमच्या खांद्यांवर टाकली. जेथे पूर्वी नाचणीच्या विरळ काड्या असत, तेथे तीन लहान वाफ्यांत बांध घालून आमच्या खाचराची माती पसरलेली होती, आणि तीत त्यांनी यंदा प्रथमच भात लावले होते. रोपे अजून पिवळट होती. एका वाफ्याचे पाणी ठरत नव्हते. तळ बसावयाचा होता.

‘किती वर्षं लागतील, बाबा?’ आम्ही विचारले.

ते वाकून पायाने बांधाचे तोंड बुजवीत होते. ‘लागतील,’ ते म्हणाले, आणि नातवास हाक मारून त्यांनी त्याला चिखलात उतरावयास सांगितले.